तीन बोटं

सोलापूर, फाल्गुन शुद्ध पंचमी

तीर्थरूप बिरप्पादादांच्या चरणी धाकट्या श्रीमंतचा दंडवत. वहिनींचा गुडघा, तुमचा खोकला आणि आपली मेंढरं कशी आहेत ते कळवावं. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत म्हणून लिहिलं. (मास्तर, तुम्ही दादांना पत्र वाचून दाखवाल तेव्हा पुढचं वहिनींच्या कानावर जाऊ देऊ नये.)

आपल्या महादेवीला गालगुंड झालं. दोन्ही गाल फुगले तेव्हा मी हसलोसुद्धा, त्याची आता लाज वाटते. गाल ओसरले आणि आठव्या दिवशी पोर म्हणाली, डाव्या डोळ्यापुढं धूर झालाय. मी आधी चूल पाहिली. ती विझलेली होती. मग गिरणीची पाळी बुडवून पोरीला उचललं आणि सात रस्त्यावरच्या दवाखान्यापर्यंत पळालो (ती सात वर्षांची आहे, चालू शकते, हे तिथं पोचल्यावर लक्षात आलं). डॉक्टर म्हणाले, गालगुंड कधी कधी डोळ्यात उतरतं, बुबुळ धुरकट होतं, महिन्याभरात बहुधा निवळतं. दादा, त्या 'बहुधा'मुळं मला अन्न गोड लागेना.

त्यांनी डोळ्यात घालायचे थेंब दिले आणि बजावलं की चांगला डोळा झाकून रोज बोटं मोजायला लावा, चुकली तर लगेच घेऊन या, नाहीतर सोमवारी दाखवा. मी रोज तीन बोटं दाखवतो, पोर रोज तीन म्हणते, मी देवाला हात जोडतो. काल महादेवीच्या आईनं विचारलं, रोज तीनच का? दादा, चार दाखवली आणि पोर तीन म्हणाली, तर मी काय करू?

त्यात थेंबांनी तिच्या डोळ्यातली बाहुली ही एवढी मोठी झाली. मला औषधाचाच संशय आला. मेंढराला पाजायचं औषध आपण आधी स्वतःच्या जिभेवर घेतो, त्याच रीतीनं आज सकाळी मी ते थेंब माझ्या दोन्ही डोळ्यांत घातले. तेव्हापासून जवळचं काही दिसत नाही. (असं होतं हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते आत्ता आठवलं.) मास्तर, ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सांभाळून घ्यावं.

आपला,
श्रीमंत

ता. क. – खरं काम हे की, दादा, तुम्ही सोमवारच्या आत या आणि पोरीला बोटं तुम्ही दाखवा. माझ्यात तेवढा धीर नाही.

आणखी ता. क. – पत्र टाकायला निघताना पुन्हा तीन बोटं दाखवली. पोर चार म्हणाली. मी उंबऱ्यातच बसलो. तेव्हा महादेवीची आई म्हणाली, "चारच हायती की. तुमचा हात लई कापतुया, करंगळी वर आलीया." मला माझीच बोटं दिसत नव्हती.

तरी तुम्ही याच. उद्या दोन दाखवायची आहेत.