पाच बाटल्या, एकच हिरामण

नाशिक,
१८ फेब्रुवारी २००२

तीर्थरूप चिमाजीमामांना भाची मनीषाचा नमस्कार. (राग आलेला आहे, पण नमस्कार त्याच्या जागी.) तुमची तब्येत बरी असेलच, नसली तरी तुम्ही सांगणार नाही, म्हणून विचारत नाही. तानुआजीचे गुडघे काय म्हणतात? कलामामीला सांगा, तिची शेंगदाण्याची चटणी माझ्यापेक्षा प्रयोगशाळेतल्या लताबाईंनीच जास्त खाल्ली. रांगडा कांदा काढून झाला असेल, तेव्हा हे पत्र बसून, चष्मा लावून वाचा.

गेल्या महिन्यात मी घरातल्या पाच जणांचं रक्त मागवलं. ते कशाला, हे तुम्हाला तीनदा सांगितलं आणि तीनही वेळा तुम्ही ‘हां, हां’ म्हणत तंबाखू मळत होतात, म्हणून आता चौथ्यांदा लिहूनच देते. माणसाच्या यकृताच्या पेशींना बारीक बारीक दारं असतात. रक्तातली चरबी त्यांतून आत जाते आणि रक्त मोकळं राहतं. काही घराण्यांत यातली निम्मी दारं जन्मापासूनच नादुरुस्त असतात. मग माणूस कितीही काटक असो, दिवसभर रानात राबो, चरबी साचत जाते आणि चाळिशीच्या आतच हृदय दगा देतं. आजोबा तसेच गेले. यादवमामा एकोणचाळिसाव्या वर्षी बाजार समितीत ट्रॉलीला टेकून बसले ते उठलेच नाहीत. लोक म्हणाले, नजर लागली. मी तेव्हा डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला होते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला काहीच सांगता आलं नाही. त्याची मला अजून लाज वाटते. म्हणून दवाखाना सांभाळून, जेवणाच्या सुट्टीत आणि रविवारी, हा बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायचं मी ठरवलंय आणि शोधल्याशिवाय सोडणार नाही.

तर तुमच्या गावचे कंपाउंडर फकिरा यांनी बर्फाच्या थर्मासात भरून पाठवलेल्या पाच बाटल्या येवला डेपोच्या कंडक्टरनं माझ्या हातात दिल्या, तेव्हा मला पेढे वाटावेसे वाटले. वर फकिराच्या टपोऱ्या अक्षरात पाच नावं : तानुआजी, तुम्ही, अक्कामावशी, तुमची पल्लवी आणि यादवमामांचा हिरामण. आम्ही रक्तातून जनुकं वेगळी काढतो, जेलीच्या चकतीत घालून वीज सोडतो, की प्रत्येकाच्या पट्ट्या उमटतात. बाप-लेकाच्याही सगळ्या जुळत नाहीत. इथे पाचही जणांच्या तंतोतंत सारख्या! मी म्हटलं, माझीच काहीतरी चूक. पुन्हा केलं. मध्येच वीज गेली. तिसऱ्यांदा केलं, पुन्हा तेच. रसायनं ओतून दिली, नवी मागवली, फ्रीज बदलला, बाटल्यांची सरमिसळ केली म्हणून लताबाईंना नको ते बोलले. (त्या आठवडाभर माझ्याशी फक्त चिठ्ठ्या लिहून बोलत होत्या. चिठ्ठ्याही सविस्तर नव्हत्या.) मुंबईच्या माझ्या सरांना फोन करून सांगितलं, की जगात कुठे नाही असं कुटुंब मला सापडलंय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मी शेवटची रजा कधी घेतली होती ते विचारलं. आणि मग नेहमीची खातरजमा म्हणून स्त्री-पुरुष ओळखायची चाचणी लावली, तर अठ्ठ्याहत्तर वर्षांची, सात बाळंतपणं झालेली तानुआजी पुरुष निघाली.

तेव्हा मात्र मी एसटीडी बूथ गाठला आणि फकिराला फोनवर धरलं. तो बिचारा आधी आढेवेढे घेत होता, मग भडाभडा बोलला. “ताई, मामाच बोलले, आपल्या घरचं रक्त नाशकाला चाललंय, पोरीची इज्जत हे तिथं. म्हातारीचं पाणी झालेलं रक्त नको. हिरामणचंच भर पाची बाटल्यांत, लय दमाचं रक्त हे त्याचं!” दर बाटलीनंतर मामीनं हिरामणला पेलाभर दूध दिलं, हेही कळलं. (मी ‘उपाशी पोटी’ असं तांबड्या शाईनं लिहून दोनदा खाली रेघ मारली होती.) मामा, लिलावात व्यापाऱ्याला दिसावा म्हणून ट्रॉलीच्या तोंडाशी निवडक कांदा लावायची तुमची सवय मला ठाऊक आहे. पण मला निवडक नको होता हो, मला सगळी ट्रॉली बघायची होती, सडक्यासकट! माझे चार आठवडे गेले, लताबाई दुखावल्या, आणि सरांना मी अजून भ्रमिष्ट वाटते.

रागावले तरी तुमचीच,
मनीषा

ता. क. येत्या रविवारी पहिल्या एसटीनं मी आणि लताबाई सुया घेऊन येतोय. कुणी चहासुद्धा घ्यायचा नाही. आजीनंही नाही. आधी तुमचा हात.

ता. क. २. वरचं सगळं रागात लिहिलं. खरं पत्र इथून पुढे आहे. ते मोठ्यानं वाचू नका. पाचही बाटल्यांत चरबीचा आकडा तीनशे साठच्या आसपास आहे. दोनशेच्या पुढे गेला की मी लोकांना दटावते. दारांचा बिघाडही पट्ट्यांत स्वच्छ दिसतो. घरातलं सगळ्यात दमदार म्हणून तुम्ही जे रक्त पाठवलंत ना मामा, त्यातच तो आहे. हिरामण अठ्ठावीस वर्षांचा आहे. मी पाच वेळा तपासलं आणि पाचव्यांदा लताबाईंनी मला खुर्चीत बसवलं.

ता. क. ३. पण यादवमामांच्या वेळी यावर गोळी नव्हती. आता आहे, आणि ती मी त्याला रोज घ्यायला लावीन, भांडून लावीन. हृदय तपासायचं यंत्र एसटीत मावत नाही, म्हणून रविवारी परत येताना त्याला मी नाशिकला घेऊन येणार आहे. त्याला बसस्टँडवर तयार ठेवा. आणि मामा, पाया पडते, त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला उभं करू नका.