आईच्या रक्तातला चुना

नागपूर, ता. ४ फेब्रुवारी १९६८

ती. बाबांस शीलाचा सविनय जयभीम. वि. वि.

आईच्या मनगटाचं प्लास्टर निघालं हे वाचून बरं वाटलं. पण नुसतं अंगणात घसरून हाड मोडतं, हे मनाला लागून राहिलं होतं. तुम्ही पाठवलेला एक्स-रे मी आमच्या रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवला. त्यांच्या मते आईची हाडं आतून विरळ झाली आहेत. औषध सुरू झालं नाही, तर पुढच्या पडण्यात खुबा मोडेल आणि ती अंथरुणालाच खिळेल.

औषध म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. पण आधी रक्त तपासावं लागतं. कॅल्शियम म्हणजे आपल्या पानातल्या चुन्यातलंच द्रव्य. ते रक्तात किती आहे आणि मूत्रपिंडं ठीक आहेत का, हे पाहिल्याशिवाय औषध देत नाहीत.

बाबा, ही तपासणी मीच करणार. प्रयोगशाळेत अजून शिकाऊ असले तरी तिथल्या आमच्या सरांनी हो म्हटलं आहे. आईला सांगा, खाणीत इतकी वर्षं डोक्यावर मँगनीजच्या टोपल्या वाहिल्या, आता सुईला काय भ्यायचं? महिनाअखेर तिला घेऊन या. सकाळी काही खाऊ देऊ नका.

तुमची माया आहेच, ती अशीच राहू द्या.
तुमची शीला

नागपूर, ता. २ मार्च १९६८

ती. बाबांस सविनय जयभीम. वि. वि.

सुखरूप पोचला असाल. रांगेतल्या एकूण एक बाईला आईने माझी ओळख करून दिली. वर, लहानपणी मी माती खायची हे सरांनाही सांगून ठेवलं. आता सर मला जेवण झालं का विचारतात आणि हसतात.

पण बातमी चांगली नाही. आईचं कॅल्शियम जास्त निघालं, पुष्कळच. माझी नळी नीट धुतली नसेल असं सरांना वाटलं. मी पुन्हा केलं, फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत द्रावण थेंब थेंब सोडत. तोच आकडा आला. मग सरांनी स्वतः करून पाहिलं, त्यांचंही तेच. तुझा हात चांगला आहे म्हणाले, पण मला कसला आनंद होणार? अशा रक्तावर औषध दिलं तर मूत्रपिंडं बिघडतात, म्हणून डॉक्टरांनी ते थांबवलं आहे. गळ्यातल्या ग्रंथीचा आजार असेल आणि ऑपरेशन लागेल अशी त्यांना शंका आहे.

आई कोणाचं काही औषध घेते का, हे विचारून लगेच कळवा.

आशीर्वादाची आज जास्त गरज आहे.
तुमची शीला

भरवेली, ता. ७ मार्च १९६८

चि. शीलास आईबाबांचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून दाखवलं. ऑपरेशनचं ऐकताच तुझ्या आईने सूप खाली ठेवलं आणि एकेक बाहेर आलं. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवसापासून ती दोन्ही वेळा दह्यात चमचाभर चुना कालवून खात होती. पानातला वेगळा. शेजारच्या शेवंताबाईने विचारलं, तर हाडासाठी आहे म्हणायची.

मी रागावलो. आतडी जळली असती, म्हटलं. तेव्हा ती म्हणाली, "पोरीचा पयला हात. माह्या रक्तात चुना कमी निघाला असता, तं डॉक्टराम्होरं मान कोनाची खाली गेली असती?"

तू परीक्षेला बसली आहेस आणि मार्क आपल्या अंगातून द्यायचे आहेत, असंच तिने धरलं होतं.

आता चुना बंद, म्हणून पानही बंद. त्यामुळे सध्या घरात मी जपून बोलतो. डॉक्टरांना सगळं सांग, लाजू नकोस.

तुझी वाट पाहणारे,
आईबाबा

नागपूर, ता. १ एप्रिल १९६८

ती. बाबांस सविनय जयभीम. वि. वि.

परवा आईचं रक्त पुन्हा घेतल्यावर तुम्हाला गाडीत बसवून मी तशीच तपासणीला लागले. चुना सोडूनही आकडा उतरला नाही तर ग्रंथीचाच आजार, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून या वेळी मी आपणहूनच दोनदा केलं.

आकडा उतरला, बाबा. जिथे हवा तिथे आला. मूत्रपिंडंही चांगली आहेत. आता औषध सुरू करायचं. गोळ्या तिकडे निघालेल्या भैयालालकाकांबरोबर पाठवते, इंजेक्शनं खाणीच्या दवाखान्यात घ्या. अहवालही सोबत आहे. आईला म्हणावं, आता माझ्या भल्यासाठी काही खाऊ नकोस.

दोघांनी एकमेकांना सांभाळा, माझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे.
तुमची शीला

भरवेली, ता. ६ एप्रिल १९६८

चि. शीलास अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

गोळ्या पोचल्या, पहिली माझ्यासमोर घेतली. आकडा उतरला हे ऐकून तुझी आई जरा हिरमुसली. मागच्या वेळी मार्क जास्त होते म्हणाली. इथे जास्तीला मान नाही, नेमकं लागतं, हे समजावता समजावता चहा थंड झाला.

मग अहवाल वाचायला घेतला. इंग्रजी अक्षरं मला जुळवावी लागतात. मूत्रपिंडापर्यंत आलो, तर तिने थांबवलं. म्हणाली, "आकडे राहू द्या. खाली नाव कोनाचं हाय, ते वाचा."

ते मात्र मी एका दमात वाचलं. तपासणी करणारी, शीला तेजराम गजभिये.

ती उठली, कमरेवर हात ठेवून दारापर्यंत गेली आणि शेवंताबाईला हाक मारली. शेवंताबाई येऊन बसल्यावर मला म्हणाली, आता पुन्हा वाचा, अन् जोरात.

तुझे बाबा