आमच्या बैठकीतला सहावीचा वर्ग

प्रिय वन्सं,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही गेल्यापासून बैठकीची खोली मी फक्त झाडायपुरती उघडत होते. काल दुपारी ती शिकवण्यासाठी उघडावी लागली. तिथे काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून लिहायला बसले. चुकांखाली लाल रेघा मारू नका हो!

मी गवार निवडायला घेतली अन् बेल वाजली. दारात तुमची ती कांचघर मोहल्ल्यातली शिवानी. काखेत गुंडाळलेला तक्ता, तोंड उतरलेलं.

"आंटी, सोमवार को मेरा फाइनल लेसन है. मॅडम ने कहा था, पहले घर आकर पढ़ाना."

मी म्हटलं, "बेटा, मॅडम तो अब..."

"पता है, आंटी. पर आप तो हैं न?"

आता काय बोलावं? मी मॅट्रिक झालेली बाई. बी.एड.चा पाठ मी एकटीनं काय पाहणार? पण पोरगी तक्ता उलगडून पुन्हा पुन्हा गुंडाळत होती. सोमवारी ती परीक्षकांपुढे अशीच उभी राहिली तर? मी कुलूप काढलं.

तुम्हाला आठवते का, मी लग्न होऊन चेरीताल मोहल्ल्यातल्या ह्या घरात आले, त्याच आठवड्यात तुम्ही हाक मारली होती. "सुमन, हातातलं काम घेऊन इथे बस. आज तू सहावीचा वर्ग."

"मी? पूर्ण वर्ग?"

"हो. अन् दंगा करायचीही परवानगी आहे."

डोक्यावर पदर घेऊन मी सतरंजीवर बसले. समोर तुमचा एक उंचापुरा विद्यार्थी पृथ्वी कशी फिरते ते सांगत होता. घाम त्यालाच जास्त फुटला होता! तेव्हापासून तुम्ही कॉलेजात प्राध्यापक होत्या तोवर, अन् रिटायर झाल्यावरही, परीक्षेच्या पाठाआधी पोरं आपल्याकडे यायची. दीर-जावा हसायचे, "सुमन अजून सहावीतच का?" तुम्ही म्हणायच्या, "ती पास झाली तर मी शिकवू कोणाच्या भरवशावर?"

तुम्हाला तर कुठेही शिकवणंच दिसायचं. सराफ्यात मी तुमच्यासोबत पाटल्या मोडायला गेले, तर दुकानदार शेजारच्या बाईला सोनं वितळवल्यावर येणारी घट समजावून राहिला होता अन् तुम्ही मधेच, "भैया, इनको समझ में नहीं आया, बस शरमा रही हैं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बाई मात्र लगेच म्हणाली, "हाँ, फिर से बताओ!"

बरं, कालचं सांगते. शिवानी फळ्यापाशी उभी राहिली. विषय, पाण्याची वाफ. एक वाक्य बोलायची अन् खिडकीजवळच्या तुमच्या खुर्चीकडे पाहायची. दुसरं बोलायची, पुन्हा पाहायची. रिकाम्या खुर्चीला कोण काय शिकवणार? शेवटी खडू ठेवून ती रडायलाच लागली.

त्या खुर्चीला मी आजवर कोणाला हात लावू दिला नव्हता. काल मीच ती उचलून माझ्याजवळ आणली अन् तिच्यावर गवारीची परात ठेवली. रागावलात? म्हटलं, "अब इधर देख. क्लास मैं हूँ."

तिनं डोळे पुसले. मग आपल्या देवघराकडे पाहून विचारते, "आंटी, भगवान के आगे जो पानी रखती हैं, शाम को उतना ही रहता है?"

"नहीं बेटा. गर्मी में कम हो जाता है."

"कहाँ जाता है?"

"भगवान पी लेते हैं."

ती हसली नाही हो! तुमचीच विद्यार्थिनी. म्हणाली, "अच्छा. तो ठंड में भगवान को प्यास कम लगती है?"

वन्सं, इतकी वर्षं मी रोज पंचपात्र भरते, पण हा विचार माझ्या मनात कधी आला नाही. मग तिनं फळ्यावर ओला हात उमटवला, तो वाळेपर्यंत आम्ही दोघी पाहत राहिलो. नर्मदेवरून ढगापर्यंत कशी गेली, मला कळलंच नाही. देव पाणी पितात हे मी अजूनही म्हणीन. सूर्याच्या हातानं पितात, एवढंच!

पाठ संपला अन् पोरगी एकदम टाळ्या वाजवायला लागली. "आंटी, मैं पास!"

"किसने कहा?"

"आपके हाथ रुक गए थे. मॅडम कहती थीं, मुझे मत देखो, सुमन के हाथ देखो. जब वो सब्जी भूल जाए, तब समझना कि पढ़ाया."

पाहिलं तर परातीत गवार तशीच पडलेली.

तुम्ही हे मला कधीच काहून नाही सांगितलं? खिडकीजवळून तुम्ही माझ्या हातांकडे पाहायच्या, अन् मी समजत होते, शिरा नीट काढते की नाही यावर वन्सं नजर ठेवून आहेत! भीतीनं मी भराभर निवडायची. पण सांगितलं असतं, तर मी प्रत्येक घाबरलेल्या लेकरासाठी हात थांबवले असते. म्हणूनच ना गप्प राहिलात?

रात्री तुमचे भाऊ ताटावर बसले. म्हणाले, "आज भाजी नाही?"

मी म्हटलं, "पाठ चांगला झाला."

त्यांनी लोणच्याची बरणी ओढली. लोणच्याशी पोळी खाल्ली. पाणी प्यायला पेला उचलला, तेव्हा त्यांचे डोळे भरलेले दिसले.

शिवानी सांगून गेली, तिच्या वर्गातल्या आणखी मुलींना यायचं आहे. मी हो म्हटलं. खडू मी पहिल्यापासून हिशेबात 'देवधर्म' ह्या खात्यात लिहीत आले, आताही तिथेच लिहीन. आता मला तुमची युक्ती ठाऊक झाली, तेच कठीण आहे. तरी देवासमोर बसून वचन देते. कोणाची दया आली म्हणून माझे हात थांबणार नाहीत. अन् खरोखर थांबले, तर त्या दिवशी तुमच्या भावाला लोणच्यावर भागवावं लागेल.

तुमची सहावीतली,
सुमन