मंगलच्या फोटोखालची ओळ

१२ नोव्हेंबर, बुधवार
ऑफिसचं कुलूप काढत होते तेवढ्यात फोन. मंगल. अजिंठ्याजवळच्या गावातली, ज्या संस्थेचं पेज आम्ही सांभाळतो तिच्या शिवण केंद्रात पिशव्या शिवते. सोमवारी तिचा फोटो आम्ही संस्थेच्या पेजवर टाकला होता. वाटलं, खूश होऊन करतेय.
"ताई, तुम्ही माझ्या नवऱ्याला मारलं व्हय?"
मी हसले आधी. मग कळलं.
फोटोखाली मी लिहिलं होतं, "पतीच्या निधनानंतर मंगलताईंनी शिलाई मशीनची साथ धरली." नवरा मेलेला नाही. सहा वर्षांपूर्वी निघून गेला, पत्ता लागला नाही. तिच्या तनुजाच्या वर्गातल्या कुणाच्या तरी आईनं पोस्ट बघितली आणि शाळेत बोभाटा झाला. चौथीतली पोर. रडत घरी आली, आईला म्हणाली, पप्पा गेले ते मला का नाही सांगितलं?
मंगल ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी. फरहीनची वही काढून बघितली. मुलाखत तिनंच घेतली होती. आमच्या एवढ्याशा कन्सल्टन्सीत आम्ही दोघीच, ती कॅमेरा आणि मी मजकूर. वहीत स्वच्छ लिहिलंय: एकल महिला, एक मुलगी. विधवा कुठंच नाही. खरं सांगायचं तर लिहिताना शंका आली होती, विचारावं का म्हणून. विचारलं नाही. 'निधनानंतर' लिहिलं की वाक्य चांगलं बसत होतं.
खोटी ओळ तेवढी लगेच खोडली. पोस्ट पूर्णच काढायला निघाले तर फ. म्हणाली, "रुक. ये देख." खाली कमेंट, आज सकाळची. "मी जिवंत आहे. माझ्या नावानं रडून पिशव्या विकू नका." कैलास. मंगलचा नवरा. प्रोफाइल उघडं. वापीत आहे. टेम्पोला टेकून फोटो, टेम्पोवर ट्रान्सपोर्टचं नाव आणि नंबर. दुसऱ्या फोटोत शेजारी एक बाई, तिच्या कडेवर तान्हं.
मंगलला फोन करून सगळं सांगितलं. बाईचंही. तिनं मागं कुणाला तरी मशीन थांबवायला सांगितलं. मग म्हणाली, "काढू नका. मी उद्या येते."

संध्याकाळी जोगदंड मॅडमचा फोन. संस्थेच्या प्रमुख. मंगलच्या दिरानं त्यांना शिव्या घातल्या म्हणे, पोलिसांत जातो म्हणाला. "शीतल, उद्या दुपारपर्यंत पोस्ट गेली पाहिजे." मग, "फरहीननं माहिती चुकीची आणली का?"
मी म्हणाले, "बघते, मॅडम."
एवढंच म्हणाले.

१३ नोव्हें., गुरु.
मंगल अकराला आली. सिल्लोडला बस बदलून, मग इथं मुकुंदवाडीला आमच्या ऑफिसपर्यंत रिक्षा. आम्ही काय बोलावं ठरवून ठेवलं होतं. तिनं बोलू दिलं नाही. पिशवीतून दोन पाकिटं काढली. तिच्या वकीलबाईंनी घटस्फोटासाठी कैलासला पाठवलेल्या नोटिसा, दोन्ही परत आलेल्या. पोस्टाचा शेरा, पत्त्यावर राहत नाही. सासरचे सांगायचे, आम्हाला काय ठाऊक कुठं गेला. आणि काल सकाळी कैलासची कमेंट येते, संध्याकाळच्या आत दीर संस्थेत फोन करतो!
"म्हणजे ठाऊक व्हतं," मंगल म्हणाली. "सगळ्यांला ठाऊक व्हतं. मलाच नाय."
प्रोफाइल दाखवलं. तिनं बाईचा फोटो मोठा करायला लावला. मग तान्ह्याचा. "त्याच्यासारखंच नाक हाय," म्हणाली, आणि फोन फ.च्या हातात दिला.
वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, स्क्रीनशॉट घ्या, पण नुसत्या स्क्रीनशॉटला उद्या तो खोटं म्हणेल. मी कोर्टात आहे, उद्या सकाळी येऊन पेज स्वतः बघते, रीतसर नोंद करून घेते, तोवर मूळ पोस्ट हलवू नका.
म्हणजे मॅडमनी दिलेली आज दुपारची मुदत गेली.
मॅडमना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मंगल एक आहे. माझ्याकडे अशा चाळीस बाया शिवतात. त्यांचे नवरे, दीर उद्या केंद्राच्या दारात आले तर तू येणार आहेस?" तरी म्हणाले, उद्या सकाळपर्यंत नाही काढणार.

मग दुरुस्ती लिहायला बसलो. मी लिहिलं, "मंगलताई पतीपासून विभक्त असून..."
"ते कुणाला कळतंय? लिहा, नवरा जिवंत हाय. सहा वर्षं घरी आला नाय. पोरगी मी सांभाळते."
तसंच लिहिलं. खाली माझी माफी, माझ्या नावानं. मंगलनं तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "आता बरोबर." मग ती पेजवर वेगळी पोस्ट म्हणून टाकली. जाताना चहाही घेतला नाही, साडेतीनची गाडी गाठायची होती.

१४ नोव्हें., शुक्र.
वकीलबाई साडेनवाला आल्या. आमच्याच कॉम्प्युटरवर पेज उघडून बघितलं, वेळ टिपली, टेम्पोवरचा नंबर टिपला. अकराला जुनी पोस्ट काढली. साडेअकराला पेजवरचे आमचे अधिकार गेले. मॅडमचा मेसेज: आता संस्थाच बघेल, आजवरच्या कामाबद्दल आभार. चार वर्षांचं काम.
याहून वाईट पुढं. मॅडमनी फ.लाही वेगळा मेसेज केला होता, यापुढं माहिती घेताना काळजी घ्या म्हणून. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.
"मेरी वही में क्या लिखा था?"
"एकल."
"और तू मॅडम को क्या बोली?"
सांगितलं. 'बघते' म्हणाले म्हणून.
"मतलब चुप बैठी. मेरा नाम आया तो चुप बैठी."
बॅग उचलून गेली. तिच्यासमोरच मॅडमना फोन करायला हवा होता. ती गेल्यावर केला. चूक माझी, फक्त माझी, फरहीनची नोंद बरोबर होती. मॅडम म्हणाल्या, "हे परवा का नाही सांगितलंस?"

१७ नोव्हें., सोम.
फ. आली. शनिवारी आली नव्हती. सकाळचा नमस्कार नाही, दुसऱ्या संस्थेचा व्हिडिओ कापत बसली. दुपारी डबा उघडून मधे ठेवला, नेहमीसारखा. म्हणाली, "आजसे जिसका फोटो, उसको पढ के सुनाना. फिर डालना." हो म्हणाले. कॅमेऱ्याची बॅग कपाटातच असायची, आज घरी घेऊन गेली.

२१ नोव्हें., शुक्र.
मंगलच्या गावी गेले, एकटीच. फ.ला विचारलं होतं, ती म्हणाली तुझं तू जा. बरोबर आहे.
तनुजा शाळेतून आली, दप्तर न काढताच उभी राहिली. तिला म्हणाले, फोटोखाली ते मीच लिहिलं होतं. न विचारता लिहिलं. खोटं होतं. वर्गात येऊन सांगू का?
नको म्हणाली. मग विचारलं, "मग पप्पा कुठंयत?"
मी मंगलकडं बघितलं. मंगल भाकरी थापत होती, थांबली. "वापीला. गुजरातला हाय ते."
"लई लांब आहे का?"
"हाय लांब."
पोरगी आत गेली, नकाशाचं पुस्तक घेऊन आली. नकाशावर वापी छापलेलं नव्हतं. मी बोट ठेवून दाखवलं, अंदाजानं. तिनं तिथं पेन्सिलीनं टिंब काढलं.
मंगल मला बसस्टँडवर सोडायला आली. रागावली आहेस का, विचारलं. म्हणाली, "व्हय. आणि बरंही झालं. दोन्ही हाय."

२ डिसें., मंगळ.
मॅडमना लेखी पत्र देऊन आले, फ.च्या नावावर काही राहू नये म्हणून. त्यांनी ठेवून घेतलं. काम परत दिलं नाही, मीही मागितलं नाही. केंद्राच्या दारात आली का बायांची माणसं, विचारलं. "दीर एकदा येऊन गेला. बायाच बाहेर आल्या, कात्र्या हातात तशाच. गेला परत." पहिल्यांदा थोडं हसल्या. पत्राची नक्कल फ.च्या टेबलावर ठेवली. तिनं वाचली, घडी घातली, स्वतःच्या वहीत ठेवली.

११ डिसें., गुरु.
मंगलचा फोन. नोटीस पोचली. ट्रान्सपोर्टच्या पत्त्यावर, सही त्याचीच. काल रात्री त्याचा फोन आलेला, सहा वर्षांत पहिला. आधी भांडला, मग म्हणाला, रविवारी येतो, पोरीला बघायचंय.
"मग?"
"वकीलबाई म्हणल्या, एकटी भेटू नको. माझा भाऊ यील. तनुजानं फोनवरचं सगळं ऐकलं, ताई."
"काय म्हणाली?"
"काय नाय. सकाळी पेटी उघडून बसली. इचारती, कोणता ड्रेस घालू." जरा थांबली. "मी काय सांगावं तिला?"
फ. समोरच होती, फोन स्पीकरवर होता. तिनंही मान वर केली. मंगल वाट बघत होती.