‘आले नाहीत’ची चौकट

२ फेब्रुवारी २००९
शनिवार पेठेतल्या लॉजच्या आरक्षणाचं सॉफ्टवेअर माझ्याकडे! पहिलंच स्वतंत्र काम. श्रीधर सर म्हणाले, "हे नीट झालं तर महिनाअखेर कायम." नाही झालं तर? मंदी म्हणून गेल्याच आठवड्यात तिघांना घरी पाठवलंय.

४ फेब्रुवारी
लॉजवर गेले. काउंटरला पोपटराव. एकवीस वर्षं तिथेच. आरक्षण रजिस्टरात पेन्सिलीने लिहितात, माणूस आला की त्यावर शाई.
"आणि नाहीच आला तर?"
"सकाळपर्यंत खोडत नाही, ताई. एसटी पंक्चर होते, त्यात माणसाचा काय दोष?"
वहीत टिपून घेतलं.

९ फेब्रुवारी
आराखडा झाला. आरक्षणाच्या प्रत्येक अवस्थेला एक चौकट, एकीतून दुसरीत जायला बाण — आरक्षित, आले, गेले, रद्द. संध्याकाळी सहापर्यंत पत्ता नाही तर ‘आले नाहीत’, खोली मोकळी. सर खूश. "सुटसुटीत!"

१६ फेब्रुवारी
लॉजवर सुरू झालं. रजिस्टर माळ्यावर गेलं. पोपटराव माउसला हात लावायलाही घाबरतात. मी हसले.

१९ फेब्रुवारी
आज आराखडा पुन्हा बघितला. ‘आले नाहीत’मधून बाहेर पडणारा बाणच नाही! उशिरा आलेल्याला आत घेताच येणार नाही, आणि खोली तोवर दुसऱ्याला. पेन्सिलीची गोष्ट वहीतच राहिली माझ्या. सरांना सांगू? आता, कायम झाल्याचं पत्र आठ दिवसांवर आलेलं असताना? आईने शेजारी पेढ्यांचं बोलूनसुद्धा ठेवलंय. असं कितीजण येतात सहानंतर... पुढच्या वेळी गुपचूप दुरुस्त करीन.

२० फेब्रुवारी
नाही सांगितलं.

२४ फेब्रुवारी
घडलंच. बार्शीचं म्हातारं जोडपं. आजींच्या डोळ्याचं आज ऑपरेशन होतं. काल एसटी रखडली, साडेसातला पोचले. खोली गेलेली, लॉज भरलेलं. दोघांनी रात्र स्टँडवर काढली म्हणे. आजी रडत होत्या. लॉजचे मालक सकाळी फोनवर सरांवर ओरडले — केबिनबाहेर ऐकू येत होतं. मी मान खाली घालून टाइप करत राहिले. आता तपासतील, आता बोलावतील... दिवसभर फोनकडे बघत बसले. कुणीच बोलावलं नाही.

२७ फेब्रुवारी
कायम झाल्याचं पत्र मिळालं. सर हसत म्हणाले, "लॉजचं मिटलं बरं का. तो पोपटराव आपणहून मालकांना म्हणाला, मशीन कसं चुकेल, मीच काहीतरी भलतं दाबलं असणार. काढलं त्याला."
मी म्हणाले, "थँक्यू, सर."