सात महिन्यांची गैरहजेरी

सारागोसा, ११ नोव्हेंबर २०१८, रविवार

प्रिय फिदेलिया,

तुझ्या तीन निरोपांना मी उत्तर दिलं नाही. कामाचं कारण सांगत नाही. मी सांभाळते ती म्हातारी दुपारी दोन तास झोपते, तेवढ्यात पत्र सहज लिहून होतं. माफ कर, निदान या उशिराबद्दल तरी.

इथे वारा सुरू झालाय. म्हातारी सकाळी म्हणाली, "तोंड पाडून काय बसलीस? मरायचंय मला, तुला नाही." मी हसले. हल्ली हसायचेही कष्ट पडतात. रोसाल्बा सोळाची झाली. इथल्या मुलींसारखी बोलते, आपल्या गावच्या, कोचाबांबाच्या हेलाला नाक मुरडते. पण मी शेंगदाण्याचं सूप केलं की तुझ्याबद्दल विचारते, "माझी धर्ममाता कधी येणार? तुझं पाणचट होतं."

खरंच होतं. तू सांभाळतेस त्या म्हाताऱ्याला तेरुएलला हलवलं नव्हतं तोवर दर रविवारी तू पहिल्या बसनं यायचीस. पिशवी खाली ठेवायच्या आधी पातेल्यावरचं झाकण उचलायचीस. "मास्तरीणबाई, इतिहास शिकवणं वेगळं नि शेंगदाणे वाटणं वेगळं." सहा दिवस त्या म्हाताऱ्याला उचलायचं आणि सातव्या दिवशी माझी भांडी घासायची. तुझं घर म्हणजे माझ्याकडचा एक पलंग, आणि नगरपालिकेच्या रहिवासी-नोंदीत माझ्या पत्त्यावर असलेलं तुझं नाव. राहण्याचा परवाना नसलेल्या माणसाला इथे राहिल्याचा तेवढाच पुरावा. तीन वर्षं सलग भरली की परवान्यासाठी अर्ज. महिना संपला की तू कॅलेंडरवर फुली मारायचीस.

ऑक्टोबरमध्ये अर्ज फेटाळला गेला तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "सात महिने मी या देशात नव्हतेच म्हणे. मग त्या म्हाताऱ्याचं ढुंगण कोण धूत होतं, देवदूत?" शेजारी ऐकत बसलेले माझे भाऊ-वहिनी खो खो हसले. मीही म्हटलं, "कारकुनाचं एक बोट चुकलं की माणूस गायब!" वाक्य इतक्या सहज आलं की मलाच माझी भीती वाटली.

कारकुनाचं बोट चुकलेलं नाही, फिदेलिया. ते मी केलं.

गेल्या वर्षी जानेवारीत. माझी आई नुकतीच वारली होती आणि तिच्याकडे ठेवलेली माझी चौदा वर्षांची रोसाल्बा तिकडे कोचाबांबात शेजाऱ्यांकडे झोपत होती. तिला आणायला घर पुरेसं मोठं असल्याचा दाखला हवा होता. तपासनीस खोल्या मोजतो आणि नोंदीतली नावं मोजतो. खोल्या दोन, नावं माझं, भावाचं, वहिनीचं, तुझं. मी कार्यालयात लिहून दिलं की ही बाई इथे राहत नाही. तुझ्या नावानं विचारणा करणारं पत्र माझ्याच पत्त्यावर आलं. तो शनिवार होता. रविवारी तू यायच्या आधी मी ते कपाटात चादरींखाली ठेवलं; उत्तर गेलं नाही आणि तुझं नाव नोंदीतून कापलं गेलं. त्या दिवशीच्या रोजनिशीत एवढंच आहे: वारा. डोकं दुखतं.

तुला विचारलं असतं तर तू दुसऱ्या कुणाचा पत्ता शोधला असतास आणि एकही दिवस तुटला नसता. पण पत्ता कोणी सहज देत नाही. तो मिळेपर्यंत थांबावं लागेल, एवढ्याला मी घाबरले. यापेक्षा मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

ऑगस्टमध्ये रोसाल्बा आली. स्टेशनवरून तिची बॅग तूच उचलून आणलीस. पुढच्या रविवारी मी तुझ्यासमोर एक कागद ठेवला: "दोन वर्षांनी नोंद नवी करावी लागते, सही कर." ओल्या हातानं, न वाचता तू सही केलीस. तुला वाटलं नूतनीकरण आहे. मी तुला पुन्हा पहिल्यापासून नोंदवत होते.

गुरुवारी चर्चमधल्या वकीलबाईंना मी हे सगळं दुसऱ्याच कुणा बाईचं म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या बाईनं खोटं लिहून दिल्याचा जबाब दिला तर ते सात महिने परत धरले जाऊ शकतात. अपिलाची मुदत तीस तारखेपर्यंत. मग त्यांनी विचारलं, "त्या बाईच्या मुलीचा परवाना कधी संपतो?" फेब्रुवारीत, मी म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "घराचा दाखलाही तपासतील. त्या बाईला म्हणावं, विचार कर."

आज सकाळी रोसाल्बाला सांगितलं.  ती म्हणाली, "मला आणायला?" मी हो म्हटलं, आणि हो म्हणताना कळलं की हेही ओझं मी तिच्याच अंगावर टाकतेय. ती आत गेली, अजून बाहेर आलेली नाही.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला उदार व्हावं लागेल, आणि तू होशील. फोन न करता लिहिते आहे, कारण मला माझा भरवसा नाही. गुरुवार-शुक्रवार मिळून तीनदा मी त्या कार्यालयाच्या पायऱ्यांवरून परत आले. या पत्रावर माझं पूर्ण नाव, ओळखपत्राचा क्रमांक आणि सही आहे. ते आजच पेटीत टाकते. उद्याही मी परत फिरले, तर हेच अपिलाला जोड. मला विचारू नकोस.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
नेल्दा मामानी कोंदोरी

उद्या: नगरपालिका, सकाळी नऊ, जबाब.