काजूंची लग्नपत्रिका

डिचोली,
१० मार्च २०२५

ती. शंभूदादास,
सत्यवतीचा सा. न. वि. वि.

फोनवर आपण बहीणभाऊ दोन मिनिटांत भांडायला लागतो, म्हणून लिहिते. तुझी काजूंची वेबसाईट पाहिली आणि डोक्याला हात लावला. वर कुलदेवता, खाली स्वर्गवासी आजोबा, मग काका-मामा मानाप्रमाणे, मग दुबईत बसलेला तुझा ओंकार, 'व्यवस्थापक'! काजू कुठे मिळतील ते शोधता शोधता माझा चहा थंड झाला. ही वेबसाईट आहे की लग्नपत्रिका?

आणि एवढ्या गर्दीत तुझ्या सुविधाचं नाव नाही. भट्टीपुढे ती उभी राहते, डबे ती भरते, साईटवरचे फोटोसुद्धा तिनेच काढले. ओंकारने आयुष्यात काजू फक्त खाल्ले. मोपाच्या विमानतळावर एका दुकानात तिला एक तारखेपासून नोकरी मिळते आहे. परवा मला म्हणाली, घरच्या धंद्यात जागा असेल तर नोकरी नको. जागा आहे का, ते एकदा तिला सांग.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
सत्यवती


कोरगाव,
१६ मार्च

चि. सौ. सत्यवतीस,
अनेक आशीर्वाद.

आधी हे लक्षात घे, की वेबसाईट करणारा परेश तुझ्या दिराचा मुलगा. तूच तो माझ्या गळ्यात मारलास. त्याच्याआधी पणजीच्या एकाने माझ्या काजूंवर कुठल्याशा गोऱ्या बाईचा फोटो लावला होता. म्हापशाचा दुसरा दर आठवड्याला रंग बदलायचा, काजू काही चढवायचा नाही. परेश निदान सांगितलेलं ऐकतो. मी नावं दिली, त्याने ती जशीच्या तशी घातली. घातली नसती तर भिकाजीकाका भट्टीवर येऊन बसले असते. तरी फोन आलाच त्यांचा, मामांच्या खाली का घातलं म्हणून. सगळे फोन असलेच, गिऱ्हाईक एक नाही.

सुविधाचं म्हणशील तर मुलगी उद्या दुसऱ्या घरची. तिचं नाव कुठे घालणार? तरी तुझा मान राखून परेशला घालायला सांगितलं आहे. आता बोलू नकोस.

भावोजींना नमस्कार. तुझ्यावर जीव आहेच, तो लिहून काय दाखवायचा.

शंभू


डिचोली,
२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाहिलं कुठे घातलंस ते. अगदी तळाला, चिल्ल्यापिल्ल्यांच्या ओळीत! 'आमचे काजू खायला यायचं हं! बिट्टू, चिनू, सुविधा.' सव्वीस वर्षांची आहे रे ती! परेशला झापलं तर म्हणतो, काकी, शंभूमामांनीच तिथे घालायला सांगितलं. काय म्हणावं तुम्हा दोघांना?

सुविधाने ते वाचलं आणि नोकरीला होकार कळवला. काल मोपाला रुजू झाली. माझ्याकडेच राहते. ऐन मोसमात दुसऱ्याचे काजू विकते आहे. मला फार वाईट वाटतं, दादा. लोभाचं आज लिहवत नाही, समजून घे.

सत्यवती


कोरगाव,
९ एप्रिल

चि. सौ. सत्यवतीस,
आशीर्वाद.

काल बेळगावच्या एका मिठाईवाल्याचा फोन आला. एवढ्या नावांतून त्याने माझा नंबर शोधला, धन्य त्याची. काजू सालीसकट देता का, किती दिवस टिकतात, भट्टीला लाकूड कुठलं, एकेक विचारत होता. मी सवयीने सुविधाला हाक मारली. ओ कोण देणार? मग माझ्याच तोंडून गेलं, की मालकीण घरी नाही, आली की विचारून सांगतो. फोन ठेवला आणि भट्टीपाशी बसलो. सत्या, मला रडू आलं गं.

परेशला बोलावून सगळी नावं काढायला लावली, आजोबांसकट. आता मालकीण म्हणून एकटी सुविधा आणि तिचा नंबर. भिकाजीकाका खरोखरच भट्टीवर येऊन बसले आहेत. बसू देत. ती माझा फोन उचलत नाही. तू तिला साईट दाखव. एवढं कर आणि मग हवा तेवढा राग धर.

तुझा,
दादा


डिचोली,
१३ एप्रिल

ती. बाबांस,
सुविधाचा शि. सा. न.

आत्याने साईट दाखवली. बेळगावला मी बोलले, त्यांना आधी थोडा माल पाठवायचा आहे. दुकानात नोकरी सोडते म्हणून सांगितलं. येत्या रविवारी सामान घेऊन येते.

आजोबांचं नाव परत घाला, भट्टी त्यांची आहे. भिकाजीआजोबांना चहा द्या. आणि मी येईपर्यंत भट्टी पेटवू नका. तुम्ही काजू करपवता.

आपली,
सुविधा